बोलणारें पांखरूं आणि शेवटचें कोडें

पक्षी बोलतात, कोडीं घालतात, असल्या अद्भुत गोष्टींनीं मुलांच्या डोक्यांत भलत्याच कल्पना भरतात. त्या आतां पुरे कराव्या, असें एका सुशिक्षित पालकांचें आम्हांस सांगणें आहे. उत्तरादाखल गेल्या दिवाळींतला एक प्रसंग सांगतों.

भोर तालुक्यांतील भोंगवली गांवीं एका स्नेह्यांकडे आम्ही चार दिवस होतों. घर एकत्र, मुलें सात-आठ. सायंकाळीं ओटीवर सारीं भोंवतीं बसलीं आणि गोष्टीची मागणी झाली. दिवसभर ओढ्याकांठीं बगळे पाहून आलेलीं मुलें. तेव्हां आम्हीं वनपर्वांतील यक्षाचीच गोष्ट काढली. पुष्कळांस स्मरत नाहीं कीं, हा यक्ष युधिष्ठिरास आपली ओळख प्रथम बगळा म्हणूनच करून देतो.

हरणाच्या शिंगांत अडकलेल्या अरणी सोडवावयास निघालेले पांडव तहानेनें व्याकूळ होतात. नकुल पाण्यावर जातो. आधीं माझ्या प्रश्नांचीं उत्तरें, मग पाणी, असा शब्द कानीं येतो. तो न जुमानतां नकुल पाणी पितो आणि पडतो. मागोमाग सहदेव, अर्जुन आणि भीम. चौघेही शूर, पण उत्तर देण्याइतका धीर एकालाही निघाला नाहीं.

मास्तरकीची आमची खोड जुनी. येथें थांबून यक्षाचे प्रश्न आम्हीं मुलांनाच घातले. निजला तरी डोळे मिटत नाहीं तो कोण? “मासा!” हृदय कोणाला नाहीं? “दगडाला!” वेगानें कोण वाढतें? “ओढा!” व्यासांनीं नदी म्हटलें आहे; पण भोंगवलीचा ओढा आम्हीं पूर्ण गुण देऊन मान्य केला. आठ वर्षांचा एक मुलगा मात्र गप्प होता. त्याची आई मागील वर्षीं वारली. तो काकूजवळ वाढतो.

पुढें यक्ष प्रसन्न होऊन म्हणतो, एकच भाऊ उठवीन; सांग कोणता? भीमाचें बळ आणि अर्जुनाचें धनुष्य बाजूस ठेवून युधिष्ठिर नकुलाला मागतो. कुंतीचा एक पुत्र मी आहें; माद्रीचाही एक असावा, हें त्याचें कारण.

तो मुलगा एकदम म्हणाला, “आजोबा, नकुलाची आई तेथें होती?”

“नाहीं बाळ. ती केव्हांच वारली होती.”

“मग तिची आठवण कोणीं दिली?”

“कोणीं नाहीं. युधिष्ठिराला आपण होऊनच झाली.”

क्षणभर कोणी बोललें नाहीं. आंत पानें मांडीत असलेल्या काकूंचाही हात थांबला होता. पुढें चौघेही भाऊ उठले हें ऐकून मुलांनीं टाळ्या पिटल्या. त्यांत तोही होता.

आमचें उत्तर एवढेंच. बोलणारा बगळा खोटा असेल. पण जो प्रश्न त्या लेकराला घरच्या माणसांस विचारवत नव्हता, तो त्यानें बगळ्याच्या आडून विचारला. उपदेशाच्या धड्यांत अशी आडोशाची जागा नसते.

आपल्या पुराणांत असलीं पांखरें आणखीही आहेत. मार्कंडेयपुराणांत कुरुक्षेत्रावर बाण लागून एक पक्षीण मरते; तिचीं चार अंडीं खालीं पडतात आणि वर हत्तीच्या गळ्यांतली घंटा पडून त्यांचें रक्षण होतें. शमीक ऋषि तीं पिलें आश्रमांत वाढवितात. पुढें महाभारताविषयींच्या शंका घेऊन खुद्द जैमिनि विंध्य पर्वतावर येतात, ते याच पोरक्या पांखरांकडे!

जेथें अनेक आयांचीं मुलें एका पंक्तीस जेवतात, त्या घरांत या गोष्टी अवश्य सांगाव्या. बगळ्याचें शेवटचें कोडें मुलांपेक्षां वडीलधाऱ्यांसच अधिक लागू आहे.

यक्षाचा एक प्रश्न आम्हीं मुद्दाम राखून ठेविला आहे: जन्मास आलें तरी जें हालत नाहीं, तें काय? उत्तर वरील मजकुरांतच दडलें आहे. मुलांनीं शोधावें, मोठ्यांनीं सांगूं नये.