दस्तऐवज कोणाच्या ताब्यात?

हजेरीपट, पगाराची वही आणि नेमणुकीचे पत्र या तीन कागदांच्या बळावर कामगार चळवळीने आपले असंख्य खटले लढविले. 'हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता,' असे मालकाने शपथेवर सांगितले, तरी कामगाराच्या पत्र्याच्या पेटीतून निघालेली पगाराची मळकी चिठ्ठी त्याला खोटे पाडीत असे. आज हे कागद कचेरीतून झपाट्याने नाहीसे होत आहेत. नेमणुकीचे पत्र ईमेलने येते, हजेरी मोबाइलवरील ॲपमध्ये लागते आणि पगाराची चिठ्ठी कंपनीच्या पोर्टलवर पाहावयास मिळते. कामगाराची पेटी रिकामी राहते.

या बदलाला विरोध करणे शहाणपणाचे ठरणार नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 साली संगणकीकरणाविषयी व्यवस्थापनाशी करार केला, तेव्हाच्या वादात मुख्य चिंता नोकऱ्यांची होती आणि ती रास्तच होती. संगणकावर दस्तऐवज तयार करणे आणि क्षणार्धात दूरवर पोहोचविणे यांमुळे श्रम वाचतात, हेही तितकेच खरे आहे. कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणारी आज्ञावली प्रामाणिकपणे वापरली, तर खाडाखोड कागदापेक्षा लवकर उघडकीस येते. प्रश्न आहे तो या नोंदीच्या किल्ल्या कोणाच्या हाती असाव्यात, हा.

आज त्या एकट्या मालकाच्या हाती आहेत. कामावरून कमी केलेल्या माणसाचा पासवर्ड मालक त्याच दिवशी बंद करू शकतो. ज्या क्षणी पुराव्याची गरज निर्माण होते, त्याच क्षणी पुरावा हातून जातो. आपली कित्येक वर्षांची हजेरी, जादा कामाचे तास, भविष्यनिर्वाह निधीची कपात यांचे दर्शन ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच कृपेवर अवलंबून राहते.

कायदा याबाबतीत मूक नाही. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 4 थ्या कलमाने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला कागदाचा दर्जा दिला. जतन केलेली नोंद पुढेही पाहता व वापरता आली पाहिजे, अशी अट 7 व्या कलमाने घातली. 2019 च्या वेतन संहितेच्या 50 व्या कलमानुसार नोंदवही ठेवणे आणि वेतनचिठ्ठी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तथापि पुराव्याच्या कायद्याकडे वळले की खरी अडचण दिसते. संगणकातील नोंदीची प्रत न्यायालयात दाखल करावयाची, तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यावर त्या संगणकाचा कारभार पाहणाऱ्याची सही लागते. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 63 व्या कलमाने ही अट कायम ठेवली आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. ते नाकारले गेल्यास न्यायालयाकडे मागणी करता येते, असेही सांगितले. आमदारकीच्या उमेदवाराला ही वाट परवडते. रोजंदारी बुडवून तारखांना येणाऱ्या कंत्राटी कामगाराला ती किती परवडेल?

मालकीचा दुसरा पदर दस्तऐवजाच्या घडणीत दडलेला आहे. एखाद्या कंपनीच्या खासगी आज्ञावलीतच उघडणारी नोंद हाती पडूनही निरुपयोगी ठरते. सर्वांना खुले असलेले पर्याय आता नवे नाहीत. ओपन डॉक्युमेंट या स्वरूपाला 2006 साली आणि पीडीएफला 2008 साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. केंद्र सरकारने 2010 साली आपल्या ई-कारभारासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले; खासगी कारखानदार मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिला. हा धोका किती खरा आहे, हे मराठी माणसाने अनुभवले आहे. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांत टंकलेली मराठी पत्रके तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. अक्षरे शाबूत, वाचणारा मात्र आंधळा!

धंद्याची गुपिते फुटतील, असा आक्षेप मालकवर्ग घेईल. पण कामगाराने स्वतः केलेल्या कामाचे तास आणि त्याला मिळालेले वेतन हे त्याच्यापासून लपविण्याजोगे गुपित कसे असू शकते?

म्हणून संघटनांनी यापुढील प्रत्येक वेतनकरारात चार मागण्यांचा आग्रह धरावा. हजेरी आणि वेतनाची डिजिटल सहीची प्रत दरमहा कामगाराच्या स्वतःच्या ताब्यात द्यावी. ती खुल्या स्वरूपात आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. नोकरी संपल्यावरही ठरावीक काळ नोंदी पाहण्याचा हक्क राहावा. आणि वाद उद्भवल्यास पुराव्याचे प्रमाणपत्र देण्याचे बंधन मालकावर असावे. तोवर कार्यकर्त्यांनी प्रत्येक कामगाराला आपली पगारचिठ्ठी दरमहा उतरवून घेऊन दोन ठिकाणी जपून ठेवण्याची सवय लावावी. हे काम सभा-मोर्चांइतके दिसणारे नाही. पण उद्याचे दावे याच प्रतींच्या आधारे लढवावे लागणार आहेत.