आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर

घरी रिव्हॉल्व्हर असावे, खिशात मावेल इतके लहान पण गोळी मोठी, असे आमच्या काही डोंबिवलीकर स्नेह्यांस वाटू लागले आहे. वेब्ले कंपनीचे ‘बुलडॉग’ असेच असे. तशाच हत्याराने १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांजवर गोळी झाडिली गेली. परंतु ०.३८० वा ०.४५५ ची लष्करी काडतुसे ज्यांत चालतात ती रिव्हॉल्व्हरे केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून वर्ज्य. साध्या परवान्यावर बहुधा ०.३२ चेच मिळते. शिवाय हलक्या हत्यारात मोठे काडतूस म्हणजे मनगटास धक्का जबर. नळी आखूड, म्हणून नेमही चंचल. सराव नसला तर पाच-सात पावलांवरूनही गोळी भलतीकडे जाते, आणि चाळीत भलतीकडे म्हणजे शेजाऱ्याचे स्वयंपाकघर! रक्षणाचे म्हणाल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरास हिललाइन पोलीस ठाण्यातच, अधिकाऱ्याच्या दालनात, गोळीबार होऊन दोघे जखमी झाले.