भिंती आणि मने

'अंतर्गत सजावट' हे शब्द कानावर पडले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर श्रीमंतांचा दिवाणखाना उभा राहतो. जाड पडदे, झुंबर, गालिचे! मग आपण म्हणतो, हे आपले काम नव्हे. पोटापाण्याचे प्रश्न सुटले की पाहू. माझे मत नेमके उलट आहे. खोलीची मांडणी हा चैनीचा नसून मनःस्वास्थ्याचा विषय आहे, आणि ज्याच्यापाशी पैसा कमी त्याने तर त्याचा विचार आधी करावयास हवा.

याच अंकाच्या कन्नड विभागातील आमचे मित्र घराला 'मने' म्हणतात. मराठीत 'मने' म्हणजे मनाचे अनेकवचन. हा निव्वळ योगायोग आहे, हे मला ठाऊक आहे. पण दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्याला तो अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. एका छपराखालची मने तेथल्या उजेडाने आणि आवाजाने घडतात, तशी बिघडतातही.

ही केवळ कल्पना नव्हे. न्यूयॉर्कमधील एका शाळेशेजारून उंचावरचा लोहमार्ग जात असे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यासह तेथील मुलांचे वाचन तपासले. १९७५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रुळांच्या बाजूच्या वर्गांतील सहावीची मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे होती. पुढे रुळांवर रबरी गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषून घेणारी छते लावली. १९८१ च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता!

दुसरे उदाहरण रुग्णालयाचे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी ताडून पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी सुमारे ८ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणाऱ्यांना ८.७ दिवस लागले; शिवाय झाडे पाहणाऱ्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. हा निबंध १९८४ चा. ४६ ही संख्या लहान आहे, हे खरे. पण उजेडाच्या बाबतीत पुढे शरीरशास्त्रानेही साक्ष दिली. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की ज्यांचे मुख्य काम चित्र पाहणे नसून मेंदूतील घड्याळाला दिवस-रात्र कळवणे हे आहे, असे २००२ मध्ये दिसून आले. दिवसा अंधाऱ्या खोलीत आणि रात्री झगझगीत दिव्याखाली बसणाऱ्याची झोप का बिघडते, याचे एक कारण यात सापडते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. कपाटे, बाके, पंखे यांची किंमत ताळेबंदात मांडावी आणि दरवर्षी घसारा काढावा, हे आम्हाला शिकवले जाते. पण अंधाऱ्या अभ्यासिकेत दुखणारे डोके, रस्त्याच्या गोंगाटात निसटलेले व्याख्यान, उगाच आलेली चिडचिड, ही खर्चाची बाजू कोणत्याच वहीत चढत नाही. म्हणून सजावट महाग वाटते, आणि तिचा अभाव फुकट!

यावर वडीलधारे म्हणतील, "अरे, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून माणसे मोठी झाली." झाली ना! पण ती दिव्याखाली जाऊन बसली, अंधारात नव्हे. उजेड कोठे आहे हे शोधणे, हीच त्यांची पहिली सजावट. आणि ज्यांना दिवाही सापडला नाही, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

आमच्या जुन्या घरात आई तांदूळ निवडायला माजघर सोडून सोप्याच्या दारात बसते. तिला कोणी शास्त्र शिकवले नाही; उजेडात डोळ्यांना आणि जिवाला बरे वाटते, एवढे तिला कळते. आपल्या अभ्यासिकेत मात्र दोन खिडक्यांसमोर जुन्या फायलींची लोखंडी कपाटे उभी आहेत. बेळगावचा आषाढ-श्रावण ज्याने पाहिला आहे, त्याला भर दुपारी तेथे काय दिसते हे सांगावयास नको.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. ती कपाटे आतल्या भिंतीला लावावीत. छताला पांढरा चुना द्यावा, म्हणजे आहे तो उजेड पसरेल. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घालाव्यात. चाचणी परीक्षा रस्त्याकडील वर्गांत न घेता मागील बाजूस घ्याव्यात. यात ना झुंबर आहे, ना गालिचा. प्राचार्यांनी आणि ग्रंथपालांनी पावसाळ्यापूर्वी याचा विचार करावा, ही विनंती. कपाटे हलवायला हात कमी पडले, तर मराठी-कन्नड दोन्ही विभागांतली मुले एका हाकेवर आहेत.