बंद पडलेला लॅपटॉप आणि किल्लीचा धनी

व्यापाऱ्याची अब्रू त्याच्या वहीत असते, हे आपणां पेढीवाल्यांस नव्याने सांगावयास नको. कीर्द आणि खतावणी लाल कापडात बांधलेली होती तोवर तिला भय होते ते वाळवीचे, पाण्याचे आणि आगीचे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बिले, विवरणपत्रे व मालवाहतुकीची बिले संगणकावरून पाठविणे प्राप्त झाले. तेव्हापासून लहान दुकानदाराचीही वही लॅपटॉपात जाऊन बसली. तिच्याबरोबर एक नवे भयही आले. रात्री धडधाकट असलेला लॅपटॉप अपडेट घेतो, स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ पाहतो आणि सकाळी काळ्या पडद्यावाचून काही दाखवीत नाही.

अशा प्रसंगी आपल्यात दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणतो, "काहीही करा, पण आजच्या आज चालू करून द्या." दुसरा म्हणतो, "यापुढे अपडेट म्हणून घ्यावयाचेच नाही." ही दोन्ही मते घातक आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्यात यंत्र वाचते आणि वही जाते. दुसऱ्यात आज वही वाचल्यासारखी वाटते, पण दार चोरास उघडे राहते.

दुसऱ्या मताचा विचार आधी करू. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक भगदाड बुजविणारे अपडेट दिले होते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रव त्याच भगदाडातून जगभर शिरला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील कागदपत्रे त्याने कुलूपबंद केली आणि ती सोडविण्यासाठी खंडणी मागितली. औषध ५९ दिवस आधी हाती आलेले होते; ज्यांनी ते घेतले नाही त्यांच्यावर हा प्रसंग ओढवला. ज्यांच्या पेढीवर अजून विंडोज १० आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिची नित्याची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत.

उलटपक्षी, अपडेट निर्दोषच असते असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीची एक सदोष फाइल जगभर गेली. कंपनीने ती सुमारे सव्वा तासात मागे घेतली. पण तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांस हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. या घटनेतील खरा धडा पुढेच आहे. दुरुस्ती तशी सोपी होती: यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करावयाचे आणि ती एक फाइल काढून टाकावयाची. परंतु बहुतेक यंत्रांपाशी माणसाने स्वतः जाऊन बसावे लागले, आणि ज्या यंत्रांच्या कूटबंधनाची किल्ली हाताशी नव्हती तेथे जाणकार माणूसही खोळंबला.

ही किल्ली म्हणजे काय, हे आपल्यापैकी प्रत्येक धन्याने समजून घेतले पाहिजे. अलीकडच्या लॅपटॉपांत 'बिटलॉकर' नावाची व्यवस्था असते. तिच्यामुळे आतील सर्व मजकूर कूटबंध होऊन राहतो. लॅपटॉप चोरीस गेला तरी चोरास वही वाचता येत नाही, हा तिचा लाभ निःसंशय मोठा आहे. पण यंत्रास काही संशय आला, की ते सुरू होताना ४८ अंकांची किल्ली मागते. ९ जुलै २०२४ च्या सुरक्षा-अपडेटनंतर काही यंत्रांनी ती विनाकारण मागितली. १३ ऑगस्टच्या अपडेटने तो दोष दूर झाला. किल्ली नसेल तर खुद्द मायक्रोसॉफ्टही ती नव्याने घडवून देऊ शकत नाही. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तर ही व्यवस्था पुष्कळ नव्या यंत्रांत आपोआप चालू होते आणि किल्ली जाऊन बसते ती यंत्र प्रथम ज्याच्या खात्याने सुरू केले गेले त्याच्या खात्यात.

आता आपल्या पेढीवर ते खाते कोणाचे असते? लॅपटॉप विकणाऱ्याच्या पोऱ्याचे, शिक्षणासाठी पुण्यास गेलेल्या पुतण्याचे, किंवा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाचे. पूर्वी दिवाणजी वही लिहीत, पण तिजोरीची किल्ली धन्याच्या कनवटीस असे. आज धनी रोज वही पाहतो, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे त्यास ठाऊक नसते. बंद पडलेल्या लॅपटॉपापेक्षा ही स्थिती आम्हांस अधिक चिंताजनक वाटते.

याच दृष्टीने पहिल्या मताकडे, म्हणजे "काहीही करा" या आज्ञेकडे पाहावे. दुरुस्तीवाल्यास सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुने सर्व पुसून विंडोज नव्याने बसविणे. तासा-दोन तासांत यंत्र नव्यासारखे चालते; आतली खतावणी मात्र गेलेली असते. त्यात दोष एकट्या कारागिराचा नव्हे. त्यास आज्ञाच तशी मिळालेली असते. आज्ञा निराळी हवी: "आधी वही बाहेर काढा, मग यंत्राकडे पाहा."

कामाचा क्रमही प्रत्येकाने जाणून असावा. प्रथम धीर धरावा. मोठे अपडेट बसण्यास कधीकधी तास-दीड तास लागतो, आणि त्या अवधीत वीज तोडल्यास नसलेला बिघाड ओढवून घेतल्यासारखे होते. पुष्कळ वेळ लोटूनही काही हालचाल नसेल, तर पेन ड्राइव्ह, प्रिंटर आदी जोडलेल्या वस्तू काढाव्यात, चार्जर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. दिवा किंवा पंखा काहीच चालत नसेल तर बिघाड विजेचा किंवा यंत्राचा असण्याचा संभव अधिक. अपडेटला बोल लावण्यात अर्थ नाही.

चिन्ह उमटते आणि गाडी तेथेच अडते, अशी स्थिती असेल तर विंडोजमध्येच दुरुस्तीची सोय आहे. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोन-तीनदा फसला, की निळ्या रंगाचा दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे 'ट्रबलशूट' आणि त्याखाली 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडले असता 'स्टार्टअप रिपेअर' दिसते. त्याने काम न झाल्यास 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडून शेवटचे अपडेट काढून टाकता येते. पुष्कळ प्रसंगी एवढ्यानेच यंत्र उठते. विंडोजची आवृत्तीच बदललेली असेल तर साधारणपणे पहिल्या दहा दिवसांत जुनीवर परत जाता येते. या वाटेवरही ४८ अंकांची किल्ली मागितली जाऊ शकते, हे विसरू नये.

एवढ्याने न भागल्यास पुढचे काम जाणत्या कारागिराचे. तो आतील डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडू शकतो, किंवा पेन ड्राइव्हवरील निराळ्या प्रणालीने यंत्र चालवून हिशेबाच्या फाइली उतरवून घेऊ शकतो. कूटबंध डिस्क असेल तर अर्थात किल्लीच्या साह्याने. त्या फाइली दुसऱ्या संगणकावर उघडतात, हे धन्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच 'रीसेट'ला संमती द्यावी. रीसेट करताना 'माझ्या फाइली ठेवा' असा पर्याय दिसतो. पण त्यातही हिशेबाचे प्रोग्रॅम जातातच. तेवढ्या शब्दांवर विसंबून वही पणास लावू नये.

अपडेट कधी घ्यावे, याचाही हिशेब मांडता येतो. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा-अपडेट प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे त्या रात्री, निघतात. म्हणजे तारीख ८ ते १४ च्या दरम्यान. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची 'जीएसटीआर-१' ची मुदत ११ तारखेस आणि '३बी' ची २० तारखेस असते. तेव्हा अपडेट आणि विवरणपत्र यांची गाठ पडणे हा नशिबाचा खेळ नसून पंचांगाचाच योग आहे. विंडोजमध्ये अपडेट काही आठवडे थांबविण्याची सोय आहे. ती वापरून २० तारखेचे काम उरकावे, वहीची प्रत काढावी आणि नंतरच्या पहिल्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अपडेट घ्यावे. ५९ दिवसांच्या आळसाने २०१७ साली घात केला. आठ-बारा दिवसांच्या सबुरीस आळस म्हणता येणार नाही. मात्र एखादे अपडेट तातडीचे म्हणून जाहीर झाले तर आधी प्रत काढून ते लगेच घ्यावे.

राहिली गोष्ट प्रतीची. हा केवळ शहाणपणाचा सल्ला नव्हे. तो कायदाही आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ यांतील नियम ५७ सांगतो की संगणकावरील हिशेबाची योग्य प्रत राखली पाहिजे, आणि अपघाताने मूळ नष्ट झाल्यास ती माहिती वाजवी वेळात परत उभी करता आली पाहिजे. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपण्याचे बंधनही त्याच कायद्याच्या कलम ३६ मध्ये आहे. "लॅपटॉप चालू झाला नाही" हे उत्तर अधिकाऱ्यापुढे फार काळ टिकणारे नाही. रोज संध्याकाळी दुकान वाढविताना एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी व ती डिस्क काढून ठेवावी. आठवड्यास एक प्रत दुकानाच्या इमारतीबाहेर जावी. सतत जोडलेली डिस्क ही खरी दुसरी प्रत नव्हे, कारण लॅपटॉपावर आलेले संकट तिच्यावरही येते.

आमची सभासद बंधूंस विनंती एवढीच की, पुढल्या वहीपूजनाच्या आत प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपाची ४८ अंकी किल्ली शोधून काढावी, कागदावर उतरवून पाकिटात बंद करावी आणि ते पाकीट तिजोरीत ठेवावे. लॅपटॉप ज्या खात्यावर चालतो ते पेढीच्या नावे असावे, आणि नोकर बदलला की त्याचा सांकेतिक शब्द बदलावा. संघानेही वर्षातून एक दिवस जाणकार माणूस बोलावून सभासदांकडून हे काम प्रत्यक्ष करवून घ्यावे. त्यास खर्च थोडा येईल, आणि एका सभासदाची जरी खतावणी वाचली तरी तो भरून निघेल.

यंत्र पैशाने नवे आणता येते. कोणाकडून किती येणे आणि कोणास किती देणे हे ज्या वहीत आहे, ती बाजारात विकत मिळत नाही.