पिशवी काढलेल्या बाईचे म्हातारपण

पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा डीएनए आपल्याला आईकडून मिळतो. त्यातूनच तयार होणारे ‘मॉट्स-सी’ नावाचे छोटे पेप्टाइड 2015 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी जगापुढे मांडले. शरीर साखर कशी वापरते आणि वयाबरोबर कसे झिजते, याच्याशी त्याचा संबंध आहे, असे उंदरांवरील प्रयोग सांगतात. माणसांवर पुरेशी तपासणी झालेली नसतानाच तारुण्याचे इंजेक्शन म्हणून त्याचा बाजारही सुरू झाला आहे.

यातला एक प्रयोग आपण बायकांनी समजून घ्यायला हवा. 2016 मध्ये संशोधकांनी उंदरांच्या माद्यांचे बीजकोश काढले. त्यांची हाडे झिजू लागली. मॉट्स-सी दिल्यावर ती झीज कमी झाली. पाळी गेल्यानंतरची झीज अभ्यासायची तर मादीचे बीजकोश काढायचे, ही प्रयोगशाळेतली नेहमीचीच रीत आहे.

मराठवाड्यात हे बायकांच्या बाबतीत घडते आहे. कंधार-मुखेडची ऊसतोड कामगार बाई उचल फेडायची म्हणून फडात उभी असते. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून जाते म्हणून दवाखाना गाठला, तर ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. बीड जिल्ह्यात 2019 च्या शासकीय समितीला 82,309 ऊसतोड कामगार बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर बीजकोशही गेले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात; बीजकोश राहिले तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते. मग पस्तिशीतच कंबर धरते, सांधे दुखतात. त्याला ‘बायकांचे दुखणे’ म्हणून सोडून दिले जाते.

संशोधन जरूर व्हावे. पण ही झीज फक्त पेशीत सुरू होत नाही. ती फडात आणि ऑपरेशनच्या टेबलावरही सुरू होते. तिथले उत्तर इंजेक्शनात नाही.

पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवर देखरेखीसाठी केंद्राने घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे अमलात आणा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना दिला. नांदेड आणि लातूरच्या गटांनी आपापल्या जिल्ह्याच्या देखरेख समितीकडे लेखी विचारावे: चाळिशीच्या आतल्या किती बायकांची पिशवी काढली? किती जणींचे बीजकोश काढले? बाईला ते आधी सांगितले होते का? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू या.