स्क्रीनचा रंग डोंबिवलीत का बनत नाही?

वर्तकनगर नाक्यावरच्या कुठल्याही मोबाइल रिपेअरवाल्याला ॲमोलेड स्क्रीन बदलायचा भाव विचारून बघा. आकडा ऐकून बहुतेक वेळा 'राहू दे' असंच तोंडातून निघतं. फोनच्या खोक्यावर 'मेड इन इंडिया' लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ इथे जुळवलेला. पॅनल येतं कोरिया किंवा चीनमधून. आणि त्या पॅनलमध्ये जे उजळतं ते म्हणजे, सोप्या भाषेत, रंग. कापडाला लागतो त्याच कुळातला, कार्बनच्या रेणूंचा डाय.

मला हे खटकतं ते आपल्या भागामुळे. रेमंडची लोकरी कापडाची गिरणी 1925 पासून इथेच पोखरण रोडला होती, आता तिथे टॉवर आहेत. डोंबिवली एमआयडीसीत रंग आणि रंगांना लागणारी रसायनं बनवणारे कारखाने आजही आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथला एक रस्ता चक्क गुलाबी झाला होता, आठवतंय ना? रंगाची रसायनविद्या आपल्या दारात आहे. मग अडलं कुठे?

कापडाचा रंग प्रकाश खातो. निळा शर्ट निळा दिसतो, कारण त्यातला रेणू लाल-पिवळा प्रकाश शोषून घेतो. ओलेडमधला रेणू उलटं करतो, वीज मिळाली की प्रकाश सोडतो. 1987 मध्ये कोडॅक कंपनीच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन सेंद्रिय थर एकावर एक चढवून 10 व्होल्टच्या आत हिरवा उजेड मिळवला. दोन्ही थर मिळून जाडी दीडशे नॅनोमीटरच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पाचशेवा भाग. इतक्या पातळ थरात जाडीसुद्धा रंग ठरवते. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलात इंद्रधनुष्य दिसतं ना, तोच प्रकार. थोडा थर चुकला की रंग सरकला.

दुसरी भानगड गर्दीची. चमकणारे रेणू एकमेकांना चिकटून बसले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे ढकलली जाते आणि शेवटी नुसती उष्णता उरते. अगदी सकाळच्या फास्ट लोकलसारखं. म्हणून चमकणारा रेणू दुसऱ्या पदार्थात काही टक्केच मिसळतात. निळ्याचं दुखणं वेगळंच. निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, म्हणून तो रेणू लवकर झिजतो. जुन्या फोनवर कीबोर्डची सावली कायमची उमटते, त्यामागे ही असमान झीज आहे. आणि ओलावा तर या थरांचा शत्रू. काचेला तडा गेलेला फोन जुलैत वापरलात तर काळा डाग पसरू शकतो.

आता मुद्द्याचं. कापडाच्या रंगात थोडं मीठ राहिलं तरी धुण्यात निघून जातं. स्क्रीनच्या रंगात कणभर अशुद्धी राहिली की तिथे वीज अडकते. म्हणून तो रंग निर्वातात तापवून, वाफ करून, पुन्हा गोठवून शुद्ध करतात. आपले कारखाने टनांत विचार करतात, इथे हिशोब किलोंचा. रसायन ओळखीचं, शिस्त वेगळी.

डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने 76,000 कोटींची सेमीकंडक्टर आणि डिस्प्ले योजना आणली. ऑगस्ट 2025 पर्यंत 10 प्रकल्प मंजूर झाले, पण त्यात ओलेड पॅनल बनवणारा एकही नाही. जेवरचा एचसीएल-फॉक्सकॉन प्रकल्प डिस्प्लेला चालवणाऱ्या चिप बनवणार, उजेड देणारा थर नाही. आपण महाराष्ट्रात 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉन गुजरातला गेलं म्हणून भांडलो, आणि जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. माझ्या मते भांडण चुकीच्या गोष्टीवर होतं. अब्जावधींच्या कारखान्यापेक्षा त्यात लागणारा रंग आपल्या आवाक्यातला आहे. माटुंग्याच्या आयसीटीत रंगरसायनांवर कित्येक दशकं काम चालू आहे. 23 मे 2024 च्या स्फोटानंतर डोंबिवलीतले धोकादायक कारखाने हलवायची चर्चा पुन्हा सुरू झाली. ते गेले तर त्या जागी काय, हे विचारायची वेळ हीच आहे. निदान रसायनशास्त्राच्या पोरांना गोदामातली नोकरी नको.

अडचण खरी आहे. चांगल्या रेणूंवर पेटंट आहेत, आणि गिऱ्हाईक देशात नाही. डोंबिवलीत उद्या एक किलो शुद्ध रंग बनला, तरी त्याचं गिऱ्हाईक देशाबाहेरच शोधावं लागेल.