शेजारच्या खुर्चीचे भाडे

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे ही आमच्या पिढीची एक मोठी विद्या होती. गाडी फलाटाला लागते न लागते तोच रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला लागेल ते आत जाई. एकदा तर आमच्या काकांनी धाकट्या चुलतभावालाच खिडकीतून आत सोडले होते! रुमाल पडला की जागा आपली, हा कायदा कोणत्याही पुस्तकात नव्हता. तरी सगळा महाराष्ट्र तो पाळीत असे. विमानात मात्र रुमाल चालत नाही. तेथे रुमालाचे पैसे पडतात.

हे ज्ञान मला जरा उशिरा झाले. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी आईला घेऊन मुंबईहून नागपूरला जायचे होते. आईचे वय अठ्ठ्याहत्तर आणि विमानात बसण्याची ही पहिलीच वेळ. चिरंजीवांनी एका स्वस्त विमान कंपनीची तिकिटे शोधून काढली. भाडे ऐकून मी खूश झालो. पण तेवढ्यात पडद्यावर विमानाचा आडवा नकाशा उमटला आणि प्रत्येक खुर्चीवर निराळा आकडा दिसू लागला. मधली साडेतीनशे, खिडकी चारशे, पाय पसरायला जागा असलेली त्याहून किती तरी जास्त!

"बाबा, सीट निवडायची का?" चिरंजीवांनी विचारले.

"तिकीट काढले म्हणजे जागा आलीच की त्यात! की उभ्याने नेणार आहेत?"

"अहो, आईंच्या शेजारी तुम्ही असायला हवे," सौभाग्यवती म्हणाल्या.

"एकाच तिकिटावर दोघांची नावे आहेत. मायलेकरांना वेगळे बसवून त्यांना काय मिळणार?" मी म्हणालो, आणि साडेसातशे रुपये वाचवल्याच्या आनंदात 'निवड न करता पुढे जा' या अक्षरांवर बोट ठेवले.

त्यांना काय मिळणार, हे विमानात शिरल्यावर कळले. आई तेविसाव्या रांगेत, मी नवव्या. दोघेही मधल्या खुर्चीत.

नंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा या कोड्याचा उलगडा झाला. आपल्याकडे स्वस्त कंपन्या बहुधा वापरतात त्या विमानांत एका रांगेत सहा खुर्च्या असतात: डावीकडे तीन, उजवीकडे तीन, मधून वाट. तीस रांगा धरल्या तर खुर्च्या १८० आणि त्यातल्या ६० मधल्या. पैसे भरणारा माणूस खिडकी घेतो, नाही तर वाटेकडची. मधली कोण विकत घेणार? म्हणजे फुकट्यांच्या वाट्याला बहुतेक मधल्याच उरतात. आणि गंमत अशी की कोणत्याही दोन मधल्या खुर्च्या एकमेकींच्या शेजारी नसतात! उरल्यासुरल्या जागांवर बसणारी दोन माणसे फार तर एकामागे एक येतील. मांडीला मांडी लावून बसणार नाहीत. यात कोणी मुद्दाम कपट करायला नको. नुसत्या बेरजा-वजाबाक्यांनीच ताटातूट होते.

भाड्यातून जागा वेगळी काढून विकण्याची मुभा आपल्याकडे विमान कंपन्यांना २०१३ साली अधिकृतपणे मिळाली. पूर्वी खानावळीत एका थाळीचे पैसे दिले की लोणचे-पापड त्यात येई. आता थाळीचा भाव उतरला आणि लोणचे, पापड, पाटदेखील वेगळे मोजून घ्यायचे. ज्याला लोणचे नको त्याचा यात फायदाच आहे, हे मान्य केले पाहिजे.

तसे जागेचे भांडण कंपन्यांनीही निरनिराळ्या तऱ्हांनी मिटवून पाहिले आहे. २००३ साली एअर डेक्कनने आपल्याकडे स्वस्त विमानप्रवास सुरू केला, तेव्हा खुर्चीला क्रमांक नव्हता. जो आधी पोचेल तो बसेल. माणसे विमानाकडे एस.टी.कडे धावावे तशी धावत. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने तर १९७१ पासून अर्धशतकाहून अधिक काळ हाच शिरस्ता ठेवला आणि जानेवारी २०२६ मध्ये तो मोडून खुर्च्यांना क्रमांक दिले. पळण्याची शर्यत संपली, पैशांची सुरू झाली. गुडघे दुखणाऱ्यांना यातली कोणती बरी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण मी तेविसाव्या रांगेपाशी उभा होतो, तिकडे वळतो. आईच्या शेजारी वाटेकडेला एक तरुण मुलगी बसली होती. तिला मी आमच्या जुन्या सवयीने म्हटले, "बाळ, जरा माझ्या जागेवर जाशील का? आईचा पहिलाच प्रवास आहे."

"कुठली जागा आहे, काका?"

"नववी रांग, मधली."

ती क्षणभर घुटमळली. "काका, राग मानू नका. मला पाठीचा त्रास आहे, मधून मधून उठावे लागते. मुद्दाम पैसे भरून ही घेतली आहे."

मला उत्तर सुचले नाही. आगगाडीत तिसरा वर्ग होता तोवर, म्हणजे १९७४ पर्यंत, आणि त्यानंतरही साध्या डब्यात, "जरा सरकून घ्या" म्हटले की तिघांच्या बाकावर चौथा मावत असे. सरकणाऱ्याचे चार बोटे जागेपलीकडे काही जात नसे. इथे मी त्या मुलीकडे सौजन्य मागत होतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी तिचे चारशे रुपये मागत होतो, आणि तेही माझे साडेसातशे वाचवून! तिची काहीच चूक नव्हती. मी निमूटपणे नवव्या रांगेत जाऊन बसलो.

नागपूरला उतरल्यावर आई म्हणाली, "पोरगी गुणी होती हो. पट्टा तिनेच बांधून दिला." मग थोडे थांबून म्हणाली, "विमान वर चढायला लागले तेव्हा मी तुझा हात धरायला गेले, तर तो दुसऱ्याच कोणाचा निघाला."

ती हसली. मला हसू आले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे, तो वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. तिकीट काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा: आपल्यापैकी एकटे बसू शकणार नाही असे कोण आहे? कोणीच नसेल तर छदामही देऊ नये. कानांत बोळे घालून बसणारे आमचे चिरंजीव शेजारी काय आणि दहा रांगा पलीकडे काय, सारखेच! पण म्हातारे माणूस असेल, पहिलटकर असेल, तर शेजारच्या खुर्चीचे पैसे भाड्यातच धरावेत आणि मगच कोणते तिकीट स्वस्त ते ठरवावे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पी.एन.आर.वरच्या आईवडिलांपैकी निदान एकाजवळ जागा द्यावी, असा आदेश विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये काढला. पण तो मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी नव्हे. संकटकालीन दाराजवळची ऐसपैस जागा म्हाताऱ्यांना घेऊ नये. वेळ पडली तर ते दार उघडू शकेल असाच माणूस तेथे बसवतात. आणि खिडकीचे पैसे भरताना नकाशा नीट पाहावा. बोइंग ७३७ जातीच्या काही विमानांत पंखाच्या थोडे पुढे एखाद्या रांगेत वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, त्यामुळे तेथे खिडकीच नसते. पैसे खिडकीचे, दर्शन भिंतीचे!

परतीच्या प्रवासाला मी वाद न घालता पैसे भरले. आईला खिडकी, मला मधली. विमान धावू लागले तसा तिचा हात चाचपडत आला आणि या वेळी बरोबर माझ्या हातावर पडला. विमान ढगांच्या वर गेले तरी तो तिने काढला नाही. पांढऱ्या ढगांकडे बराच वेळ पाहून झाल्यावर तिने हळूच विचारले, "ही खिडकी कितीला पडली रे?"

"फुकट मिळाली," मी म्हणालो.

आईशी मी आयुष्यात फार थोड्या वेळा खोटे बोललो आहे. त्यातले हे एक.